अकरा बेचाळीस

बंदोबस्ताला शूटिंग लागलं की
ठाण्यातून फोन मलाच येतो.
सुकुमार चौगुले, पद्मा फोटो अँड व्हिडिओ, गणपती पेठ, सांगली.
लग्न, बारसं, वास्तुशांत, जमावबंदी.
दर सगळ्यांना एकच,
सरकारचं बिल तेवढं पुढच्या मार्चात निघतं.

मोर्चा कशासाठी,
तर मोर्चा काढू द्या म्हणून.
तीन अर्ज फेटाळलेले, चौथ्याला उत्तरच नाही,
मग कुणीतरी म्हणालं, उत्तर नाही म्हणजे नकारही नाही,
आणि निघाले विश्रामबागेतून कलेक्टर ऑफिसकडं
मार्केट यार्डातले हमाल, हळदीनं पिवळे पडलेल्या बनियनवर,
अंगणवाडीच्या बाया, दोन वकील,
आणि माईक हातात मिळेना म्हणून रुसलेले एक माजी सभापती.
मला बघून निम्म्यांनी हात हलवले.
"सुकुमार, डावी बाजू घे रं माझी!" नजीर नदाफ ओरडला.
त्याच्या पोरीच्या लग्नाचे साडेचार हजार बाकी आहेत अजून.
मी डावी बाजू घेतली.

अकरा बेचाळीसला दगड आला.

रात्री आठला मला ठाण्यात बसवलं, स्क्रीनसमोर.
साहेबांनी चहा मागवला, कटिंग नाही, फुल.
हा कोण? चष्मेवाला? ही हिरव्या साडीतली?
म्हणालो, साहेब, चेहरे ध्यानात राहतात, नावं नाही राहत.
खोटं.
मला नावं पाठ आहेत, गोत पाठ आहे,
कुणाचा मामा कुणाच्या मांडवातून न जेवता उठला, तेही.

सकाळी शटर वर करायच्या आत दोघं हजर.
सत्तेतल्याला हवं होतं अकरा बेचाळीसच्या पुढचं:
फुटलेली काच, चपलांचा खच.
विरोधातल्याला हवं होतं अलीकडचं:
शिस्त, घोषणा, ॲम्ब्युलन्सला वाट.
दोघांचं वाक्य एकच, "सत्य लोकांपुढं आलं पाहिजे."
दोघांची लग्नं मीच केलेली.
एकाच्या पंगतीत दुसरा जिलबी वाढतोय
हेही आहे माझ्या हार्ड डिस्कवर, ते कुणी मागत नाही.

दोघांना अख्खं दिलं, न कापता.
कापून त्यांचं त्यांनी घेतलं.

मधलं मिनिट दोघांनीही टाकून दिलं.
त्यात दगड नाही, हात नाही, कुणाचीच चूक नाही.
सव्वीस वर्षांची सवय आहे हो ही.
अक्षता पडतात तेव्हा सगळा मांडव नवरानवरीकडं बघतो,
मी कॅमेरा आईकडं फिरवतो.
तसाच फिरला.
फ्रेममध्ये कोपऱ्यावरची भडंगवाली,
पुढं केलेला हात, हातात पाच रुपयांचं नाणं,
घेणारा शिपाई पुडी टाकून पळालेला.
मागं आरडाओरडा, शिट्ट्या, शटर पडल्याचे आवाज.
हात तसाच.
एकोणचाळीस सेकंद तसाच.

चौथ्या दिवशी ती दुकानात आली, काउंटरच्या काचेवर नाणं ठेवलं.
"बाबा, त्या पोलिसाचं सुट्टं ऱ्हायलंय माझ्याकडं.
तू सगळ्यांची तोंडं काढलीयास म्हणं.
वळखशील का?"

मी मागं गेलो, पुढं आलो, थांबवलं, झूम केलं,
छातीवरची पट्टी फुटत फुटत वाचता आली:
बारगीर.
सांगून टाकलं.
त्या सगळ्या फुटेजातलं मी सांगितलेलं
हे एकच नाव.

बारगीरची बदली झाली म्हणे जतला.
नाणं गल्ल्यात आहे, फिल्मच्या जुन्या डबीत, वेगळं.
पाचवा अर्ज गेलाय असं ऐकतो.
बाहेरचे बंदोबस्त येतील तेव्हा
येईलच तो.